गमबुटाची रेघ

१

त्या गुरुवारी सकाळी पावणेआठला, मुळगावच्या शेतांकडच्या वळणावर मुलांची ने-आण करणारा शाळेचा बालरथ तिरका उभा सापडला. पुढचं एक चाक गटारात, आत एकोणीस मुलं, आणि ड्रायव्हर यशवंत सीटखाली घसरून ओकत असलेला. तोंड उकडलेल्या कुर्लीसारखं लाल, छाती भात्यासारखी चाललेली, आणि काजूच्या फेणीचा असा वास की दारात उभं राहणाऱ्याने नाक धरावं. मुलांना खरचटलंसुद्धा नव्हतं. शुद्ध जाता जाता यशवंतने ब्रेक दाबून धरला होता. ते कोणी धरलं नाही. वास मात्र सगळ्यांनी धरला.

"देवीक फसयलंस मरे यशवंता!" श्रीनाथ भर रस्त्यात ओरडला.

श्रीनाथच्या दोन मुली त्या गाडीत होत्या, तेव्हा ओरडायचा हक्क त्याला होताच. शिवाय तो आणि यशवंत दोघेही लईराईचे धोंड. जत्रेआधी पाच दिवस घर सोडायचं, आपल्या हाताने रांधून खायचं, सोवळं पाळायचं आणि मग पहाटे होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत जायचं, असे हे व्रतस्थ. आठ महिन्यांपूर्वी यशवंतने देवीपुढे नारळ ठेवून दारू सोडली, ती याच श्रीनाथच्या साक्षीने. तेव्हापासून गावात कुणाचा नवरा झोकांड्या देत आला की बायका म्हणायच्या, "त्या यशवंताक बघ. देवीन सोडयल्यान."

हॉस्पिटलात पोलिसांनी त्याच्या तोंडाला मशीन लावलं. आकडा आला आठ. गुन्हा होतो तिसाच्या पुढे, म्हणून पोलीस वही मिटून चालते झाले. शाळेचे व्यवस्थापक गोकुळदास मात्र वही मिटणाऱ्यांतले नव्हते.

"तीस कायद्याला. माझ्या गाडीत पोरं बसतात, मला शून्य पाहिजे," ते म्हणाले. "सोमवारी अकराला पालकांची बैठक. काय तो निकाल तिथे."

२

शुक्रवारी सकाळी यशवंतची बायको मालती डिचोलीच्या बाजारात, डॉ. सुमंगला धारगळकर यांच्या दवाखान्याच्या पायरीवर, दार उघडायच्या आधीपासून बसून होती.

सुमंगला मूळची पेडण्यातली, वय एकोणसाठ, कातडीची डॉक्टर म्हणून चौतीस वर्षं. त्यातली पहिली पाच पेडण्यातच, महारोगाच्या पाहणीत, घराघरांत शिरून लोकांच्या पाठी उन्हाकडे वळवून बघण्यात गेली. पुढची बारा डिचोलीच्या खाणींवर, दर बुधवारी कामगारांचे हातपाय तपासण्यात. उरलेली या दोन खोल्यांत, जिथे आता निम्म्या जणी लग्नाआधी महिनाभरात गोरं करून मागायला येतात. माणूस खोटं बोलतो, कातडी बोलत नाही, असं ती वरचेवर म्हणायची. वरचेवर असं काही म्हणणारा माणूस एक दिवस स्वतःच तोंडावर पडतो. तिचा दिवस आज होता.

"बाय, तुमी लिवन द्या," मालतीने हात जोडले. "तो वास तुमच्या मलमाचो म्हणान लिवन द्या."

"माझ्या मलमाला कसलाच वास नाही, मालती."

"मगे खयचो तो वास? तो पिवक नाय. देवीची आण घेवन सांगतंय. पण माझा कोण ऐकता?" तिने जोडलेले हात सोडले. "काल माका म्हणता कसो, मालू, सोमवारी माका काढल्यानी तर मी त्या खाणीच्या पाण्यात…"

पुढचं सांगायची गरज नव्हती. मुळगावजवळ बंद खाणीचा खड्डा पावसाच्या पाण्याने भरलेला आहे. पाणी हिरवं, सुंदर, आणि त्याचा तळ कोणी पाहिलेला नाही.

सुमंगलाने यशवंतचा केसपेपर काढला. तिच्याच अक्षरातल्या तीन नोंदी. मार्च: दोन्ही पायांवर ओलं, खाजरं पुरळ, चपलेची ॲलर्जी असावी, मलम. मे महिन्यात, जत्रा झाल्या झाल्या: बरंच सुकलं, मलम लागू पडलं. मेअखेर: पुन्हा चिघळलं, मलम दिवसातून दोनदा. 'लागू पडलं' खाली तिने कौतुकाने रेघसुद्धा मारली होती. तिन्ही भेटी मिळून सहा मिनिटं झाली असतील. चौतीस वर्षांचा अनुभव आणि सहा मिनिटांची तपासणी.

"चल," तिने पर्स उचलली. "मला त्याचे पाय बघू दे."

वॉर्डात यशवंत भिंतीकडे तोंड करून पडला होता. अंगाने दणकट, दोडामार्गकडून तरुणपणी खाणीवर आलेला माणूस. पण आता खाटेवर नुसती चादर ठेवल्यासारखा दिसत होता. सुमंगलाने चादर वर केली आणि खाली वाकली.

दोन्ही पायांवर, गुडघ्याखाली चार बोटं, पट्टीने आखावी तशी आडवी रेघ. रेघेच्या वर कातडी स्वच्छ. रेघेखाली लाल, ओली, जागोजाग सोललेली. चपलेचा पट्टा गुडघ्याखाली चार बोटं कोण बांधतं?

"यशवंत, गमबूट घातलेस हल्ली?"

"खाण बंद झाली तेव्हासून नाय, बाय."

"घरचं सोडून बाहेरचं काही खातोस? कोणी काही देतं?"

"घरचाच खातंय," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. दमला असेल, असं तिला वाटलं.

घरी येऊन तिने माळ्यावरची खाणींच्या कॅम्पची रजिस्टरं खाली काढली. झुरळांनी कडा खाल्ल्या होत्या, अक्षर शाबूत होतं. दोन हजार नऊ, एक बुधवार. 'यशवंत, पंपवाला. दिवसभर खाणीच्या तळाला पाण्यात, गमबूट. पुरळ गुडघ्याखाली रेघेपर्यंत. पाठीवर पट्ट्या लावून चाचणी: रबर टणक करायला घालतात त्या रसायनाची जोरदार ॲलर्जी. गमबूट कायमचे बंद.' शेजारी तिने पायाची आकृती काढून रेघ दाखवली होती. सकाळची चादरीखालची रेघ हीच.

ती खुर्चीत टेकली. कातडीला एकदा वैरी कळला की ती तो जन्मभर ओळखते. बाहेरून आला की पोटातून, याचीही पर्वा करत नाही. जुन्याच जागी पेट घेते. आणि त्या रबराच्या रसायनाचा सख्खा भाऊ औषधाच्या दुकानात मिळतो. रबराच्या कारखान्यातल्या कामगारांना दारूचा घोट सोसत नाही, हे पूर्वीच्या डॉक्टरांच्या ध्यानात आलं होतं. त्याच जातीची ती गोळी, दारू सोडवायची. गोळी पोटात असताना दारूचा अंश जरी रक्तात शिरला तरी तोंड लाल, ओकारी, धाप, रक्तदाब तळाला. पूर्वी पाऊण बाटली पचवणाऱ्या गड्याला मग आठसुद्धा पुरतात.

बसस्टँडच्या भिंतीवरच्या जाहिराती तिच्या डोळ्यांपुढे आल्या: 'नवऱ्याला नकळत द्या, जेवणातून द्या.'

म्हणजे कोणीतरी यशवंतला ती गोळी चारत होतं. आणि कोणीतरी दारूही.

३

वॉर्डातल्या तरुण डॉक्टरला तिने फोनवर संशय सांगितला. त्याने लगेच, दारूचा अंश असलेलं एकही औषध यशवंतला द्यायचं नाही, असं लिहून ठेवलं. मग शनिवारी सकाळी दवाखान्याला कुलूप लावून सुमंगला भिकाजीच्या अंगणात उभी राहिली. भिकाजी शाळेच्या दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर. यशवंतची गाडी कालपासून त्याच्याकडे आली होती.

"कातडीचे डॉक्टर माझ्या दारात?" तो हसला. "माका खरूज जाली म्हणान गावात बोभाटो जातलो, बाय."

"यशवंतचा आणि तुझा सकाळचा चहा एकत्र असतो ना?"

"असता. तो माझो पितो, मी तेचो पितंय. इख घातलंय म्हणतास काय?" हसू थोडं आखडलं. "अख्खो मे महिनो मी वाळपयक सासुरवाडीक होतंय. सासूचे फणस कोण उतरतलो? शाळा बंद असली की आमी दोघां एकमेकांची तोंडा बघणव नाय."

"गाडीपाशी पहिला तू पोचलास. वास कुठून येत होता?"

भिकाजी पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. "श्वास चलता काय बघूक तोंडाकडे नाक नेलंय. तोंडाक वास नाय. पाय उचलले तेव्हा भक्कन इलो."

"हे गोकुळदासना सांगितलंस?"

"माका कोणी इचारूक नाय," भिकाजी म्हणाला. अंगणात लावलेल्या गाडीच्या काचेवर यशवंतच्या फेरीचा फलक नवाकोरा लटकत होता.

दोष नव्हता तो, नुसता स्वभाव. न विचारलेलं सत्य माणूस स्वतःच्या सोयीने शिलकेत टाकतो.

यशवंतची मुलगी अंकिता औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधांच्या कारखान्यात गोळ्यांच्या पॅकिंगवर होती. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती गेटपाशी आली आणि सुमंगलाचा पहिलाच प्रश्न ऐकून तडकली.

"मी गोळ्या बनवते म्हणून मी बापाला गोळ्या चारते? बाय, सुटताना आमचे खिसे उलटे करून बघतात. आणि आमच्याकडे होतात त्या पित्ताच्या गोळ्या."

"चिडू नकोस. त्याला असं कितीदा झालं, एवढं सांग."

अंकिताने मोबाईल काढला. ती बापाची मुलगी. तारखा लिहून ठेवल्या होत्या. "पहिल्यांदा एप्रिलच्या सुरवातीला, रविवारी घरात. तोंड लाल, ओकारी. ऊन लागलं असं आम्ही समजलो. मग जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी. आणि हा गुरुवार."

"मे महिन्यात?"

"मे महिन्याचे शेवटचे बारा दिवस मी आणि आई दोडामार्गला होतो, मामाकडे लग्न. बाबा एकटेच घरी, स्वतः रांधून खात होते. तेव्हा एकदाही नाही. अगदी ठणठणीत होते." बोलता बोलता तिचा चेहरा उतरला. आपण काय बोललो ते तिच्या आता ध्यानात आलं. "म्हणजे आई घरी असली की…? बाय, तुम्ही काय म्हणताय?"

सुमंगलाने काही म्हणायच्या आत तिचा फोन वाजला. वॉर्डातला डॉक्टर होता.

"मॅडम, पेशंट पुन्हा कोसळला. रक्तदाब साठवर. आमच्याकडून थेंबभरही गेलेला नाही, सगळं तपासलं. पण खाटेला फेणीचा वास येतोय. सिस्टर म्हणतात, हा माणूस वॉर्डातसुद्धा पितो."

"जवळ कोण होतं?"

"बायको. तीच बसली होती."

४

शनिवारची रात्र यशवंतने सलाईनवर आणि सुमंगलाने घरी खुर्चीवर काढली. पोलिसांना कळवायचं? कळवून सांगायचं काय? एका बाईचा नवरा तिच्या हातून मरतोय, असं? दारात बसून हात जोडणारी मालती तिला दिसत होती. त्या बाईने नाटक केलं असेल, तर चौतीस वर्षांत आपण माणसं बघितली ती कातडीपुरतीच.

रविवारी दुपारी तिने कागद घेतला. मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे झटके, उजवीकडे पुरळ. आजवर ती या दोघांना एकाच रोगाची दोन तोंडं समजत होती. आता तिने दोघांची वेगवेगळी हजेरी घेतली.

झटक्यांची हजेरी सरळ होती. मालती घरी, झटका हजर. मालती दोडामार्गला, झटका गैरहजर. मालती वॉर्डात, झटका वॉर्डात. झटका म्हणजे दारू. पण तोंडाला वास नव्हता, वास पायांना होता. आणि पाय सोललेले. धड कातडी दारूला बाहेर थोपवते. सोललेली कातडी पिते. वरून ओली पट्टी गुंडाळली तर पोटभर पिते.

सुमंगलाची नजर स्वतःच्याच फडताळावर गेली. तिथे एक बाटली होती, काजूची, गुडघ्यांसाठी. गोव्यात कुठल्या घरात नाही? सर्दीला छातीवर, मुरगळीला घोट्यावर, खाजेला, कळेला, आणि माणूस गार पडला की तळपायांना. हिला कोणी दारू म्हणतच नाही.

मालती विष देत नव्हती. मालती चोळत होती. आणि जिला गोळी ठाऊक असती तिने फेणी चोळली नसती, निदान जीव घ्यायचा नसेल तर. आणि घ्यायचा असता, तर ती वास येणारी फेणी घेऊन भरल्या वॉर्डात कशाला आली असती?

मग गोळी देणारा दुसरा. तिने उजवा रकाना ओढला. पुरळ मार्चमध्ये उठलं. व्रताच्या पाच दिवसांत, घरापासून लांब, ते सुकायला लागलं. तिचं मलम फुकटचं भाव खाऊन गेलं. म्हणजे गोळी घरातून येते, असं तिने कालपर्यंत धरलं होतं. पण मे महिन्याच्या त्या बारा दिवसांत पुरळ पुन्हा चिघळलं. तेव्हा मालती घरात नव्हती, अंकिता नव्हती, भिकाजी वाळपईला फणस उतरत होता. चहा पाजणारं, वाढणारं, रांधणारं कोणीच नाही.

प्रत्येक दिवशी हजर असलेला एकच माणूस होता. आणि 'कोणी काही देतं?' म्हटल्यावर त्याने डोळे मिटले होते.

तिने घड्याळ बघितलं. साडेतीन. भेटीची वेळ चारला; कालपासून वॉर्डात मालतीला एरवी बसू देत नव्हते. काल रक्तदाब साठवर गेला होता म्हणजे यशवंतचे पाय आज गारच असणार. आणि गार पायांना काय लावायचं, हे मालतीला कोणी शिकवायला नको होतं. तिने मालतीला फोन लावला. बंद. अंकिताचा लावला. वाजून वाजून थांबला. वॉर्डाचा नंबर व्यस्त.

ती गाडीकडे धावली. गुडघे तिचेही साठीला आले होते.

५

चार वाजून नऊ मिनिटांनी तिने वॉर्डाचं दार ढकललं. मालती खाटेच्या पायथ्याशी, चादरीआड, हातात फडकं. पदराखाली कफ सिरपची जुनी बाटली.

"मालती! हात मागे!"

अख्खा वॉर्ड वळला. सुमंगलाने तिचं मनगट धरलं तेव्हा फडकं ओलं होतं, पण पायांना लागलं नव्हतं.

"काय झाला बाय? पाय बर्फासारखे झालेत तेचे. जरा चोळलंय तर ऊब…"

"कधीपासून चोळतेस?"

"गुडघ्यांक कायमचाच. पायाक खाज सुटली तेव्हासून जरा जास्तीच. झोंबता म्हणता तो, पण झोंबला तरच लागू पडता मा? गुरुवारी तर पट्टी बांधून दिलंय, गाडी चलयताना खाज नको म्हणान." तिने सुमंगलाच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि फडकं खाली ठेवलं. "माझा काय चुकला?"

"तुझं काही चुकलं नाही. जा, चहा घेऊन ये. तिघांना."

ती गेल्यावर सुमंगला खाटेवर टेकली. "यशवंत, गोळी कोण देतं ते मला कळलं. कुठे ठेवतोस?"

उशीखालच्या पाकिटाकडे त्याने नुसती हनुवटी केली.

"पणजीक डॉक्टराकडे गेलो होतंय. मनाच्या. घरात सांगितलंय, गुडघे दाखवूक जातंय. नारळ ठेवलंय त्यानंतर चार म्हयने कसे काढले ते माझा माका ठाऊक. फेब्रुवारीत एकदा बारच्या दारातसून परत फिरलो. हात असे कापत होते. तेव्हा कळला, माझ्यान होवचा नाय."

"मग व्रताच्या पाच दिवसांत का घेतली नाहीस?"

"देवीच्या दारात गोळी खायन?" त्याला ते विचारणंच अजब वाटलं. "थय माका गरज नसता."

"त्या डॉक्टरांनी सांगितलं नाही, दारूचा थेंब नको, अंगालाही नको?"

"सांगितल्यानी असतील. लाजेन माझा अर्धा ध्यान दाराकडे, कोण गाववालो बघता काय म्हणान. आणि मी तोंडाक लावूक नाय, बाय. चोळतत ती काय दारू?"

"उद्या बैठकीत मी हे कागदावर लिहून देते. सुटशील."

तो ताडकन उठून बसला. सलाईनची नळी हेलकावली. "नाय! तुमका लईराईची शपथ. पिवन पडलो म्हणाले तर एकटो यशवंत पडतलो. गोळी खातो म्हणाले तर देवी पडतली. बायका माझा नाव घेवन पोरांच्या बापाशींका देवळात नेतत, बाय. तेंका काय सांगू? देवीन नाय, औषधाच्या दुकानान सोडयली?"

"आणि तो खाणीचा खड्डा?"

तो पुन्हा आडवा झाला आणि भिंतीकडे वळला.

"तुझ्या परवानगीशिवाय मी एक अक्षर बोलणार नाही," सुमंगला म्हणाली. "ते आमच्या धंद्याचं सोवळं. पण मालतीला फेणीचं सांगायलाच हवं, नाहीतर…"

दाराशी कप फुटला. मालती केव्हा आली होती कोण जाणे. ट्रेमधले उरलेले दोन कप लटपटत होते.

"म्हणजे मी तुका मारी होतंय," ती हळू म्हणाली. "माझ्या ह्या हातांनी. आणि तुका ठाऊक होता."

"माका खय ठाऊक होता गो! चोळल्यान असा होता ह्या…"

"गोळीचा ठाऊक होता!" तिचा आवाज चढला, वॉर्डाची तिला शुद्ध राहिली नाही. "वीस वर्सां पिवन इलंस, ओकलंस, मी धुतलंय. तेव्हा तुका लाज वाटूक नाय. आणि बरो होवक एक गोळी खाल्लंस, ती माका सांगूक लाज? माझ्यापासून लपयलंस? देवीन मान दिल्यान ती तुका एकट्याक दिल्यान काय?"

यशवंतने मान खाली घातली. मालतीने ट्रे जमिनीवर ठेवला, बाटली उचलली, मोरीत रिकामी केली आणि परत येऊन त्याचे गार पाय कोरड्या पदरात गुंडाळून मांडीवर घेतले. रडत होती ती, आणि शिव्याही देत होती.

६

सोमवारी अकराला शाळेच्या हॉलमध्ये साठ-सत्तर पालक होते. यशवंत अंकिताच्या खांद्याचा आधार घेऊन आला, मागोमाग मालती. त्याचा निर्णय सुमंगलाला अजून ठाऊक नव्हता. तिच्या पर्समध्ये दाखल्याचं आणि रजिस्टरातल्या पानाचं बंद पाकीट होतं, आणि ते पर्समधून बाहेर काढायची मुभा तिला नव्हती.

"डॉक्टर, तुम्ही काही सांगणार?" गोकुळदासनी विचारलं. "जरा थोडक्यात."

"पेशंट सांगेल," ती म्हणाली. पर्स तिने मांडीवर बंदच ठेवली.

यशवंत उभा राहिला. पहिल्याच रांगेत श्रीनाथ, हाताची घडी, मान ताठ. यशवंतने पँट गुडघ्यापर्यंत वर केली. पुढच्या बायकांनी तोंडं फिरवली.

"मी दारू पिवक नाय," तो म्हणाला. "ती ह्या पायांतसून आत गेली. मालती खाजेक चोळी होती. डॉक्टरबाय समजावन सांगतीत. पण एवढ्याशा दारून मी पडलो, कित्याक तर मी गोळी खातंय. दारू सोडूची. फेब्रुवारीपासून. रोज सकाळी, चोरून."

हॉलमध्ये कुजबूज उठली. तो थांबला. ती शमल्यावर त्याने पुरतं केलं. "नारळ ठेवलंय ता खरा. पण नुसत्या नारळार माझ्यान निभावूक नाय. खोटा कोण म्हणतलो तर म्हणा."

आता पाकीट बाहेर आलं. सुमंगलाने रजिस्टरातली रेघ दाखवली, पायांवरची दाखवली, आठाचा अर्थ सांगितला. शेवटी एवढंच म्हणाली, "ही गोळी जो स्वतःच्या हाताने रोज घेतो, तो प्यायचं दार रोज स्वतः बंद करतो. चोरून पिणारा ती कधी घेत नाही."

गोकुळदासनी वही उघडली. निकाल त्यांच्या स्वभावाला धरूनच लागला: अर्धा. यशवंतला काढायचं नाही. पण चतुर्थीपर्यंत गाडी भिकाजीकडे, मग डॉक्टरचा दाखला बघून ठरवायचं. यशवंतने मान हलवली. मालतीने सुस्कारा सोडला. श्रीनाथ मात्र निकालाच्या आधीच खुर्ची सरकवून निघून गेला होता. दोन-तीन धोंड त्याच्यामागोमाग गेले.

आणि गुरुवारी दुपारी, बाजार झोपलेला असताना, तोच श्रीनाथ सुमंगलाच्या दवाखान्यात येऊन बसला. बाहेर चप्पल काढताना त्याने रस्ता दोन्ही बाजूंनी बघून घेतला.

"हंय खाज आसा," त्याने कोपर पुढे केलं.

कोपर लख्ख होतं. या वेळी सुमंगलाने घाई केली नाही. त्याचे हात उलटे करून बघितले: तळहात कडेने तांबडेलाल. शर्टाचं बटण काढायला लावलं: गळ्याखाली कोळ्याच्या पायांसारख्या बारीक लाल शिरा, सात-आठ. डोळ्यांच्या पांढऱ्यात पुसटशी हळद. खाज सोडून सगळं होतं.

"श्रीनाथ, किती वर्षं?"

"कित्याची?" तो म्हणाला. मग त्याने शर्टाचं बटण लावलं. "बारा," तो म्हणाला. "व्रताचे दीस सोडून. पोरींक ठावक ना." त्याने ओठ चाटले. "यशवंताची ती गोळी. ती खंय मेळटा?"

"ती तुला सोसेल की नाही, ते पणजीचे डॉक्टर लिव्हर तपासून ठरवतील. मी चिठ्ठी देते." तिने पॅड पुढे ओढलं, आणि पेनाचं टोपण काढायच्या आधी थांबली. "पण आधी बायकोला बोलाव. तिच्यासमोर लिहीन."

"तिका कित्याक?"

"फेणीची बाटली तुमच्या घरात कुठल्या फळीवर असते, ते तिला ठाऊक असतं म्हणून."

श्रीनाथ उठला. दारापर्यंत गेला. बाहेरच्या उन्हात एक कुत्रं तेवढं होतं. तो तसाच उभा राहिला, पाठमोरा, इतका वेळ की सुमंगलाला वाटलं, गेला हा. मग त्याने खिशातून फोन काढला.

"हॅलो," तो म्हणाला, आणि घसा खाकरला. "आयक गो. रांदप तशेंच सोड. डिचोलेक ये. ना, कोण मरूंक ना. तूं ये मात्शी."